सेव्हर्नड्रूग कॅसलला पहिल्यांदा जाताना

लंडनच्या आग्नेय बाजूला शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्याजवळ, ओक आणि चेस्टनटच्या दाट रानात, विटांचा एक तिकोनी मनोरा उभा आहे. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. हर्णै बंदरासमोरच्या आपल्या सुवर्णदुर्गाचं नाव इंग्रज खलाशांच्या तोंडी जसं बसलं, तसंच ते इथे कायम झालं. १७५५ साली इंग्रजांपुढे सुवर्णदुर्ग पडला आणि १७८४ साली त्या विजयाची आठवण म्हणून हा मनोरा बांधला गेला. लंडनला येणारी मराठी मंडळी टॉवर ब्रिज बघतात, ग्रिनिचची मध्यान्हरेषा बघतात. ग्रिनिचपासून बसने अगदी जवळ असलेली ही जागा मात्र बहुतेकांच्या यादीत नसते. ती यादीत यावी म्हणून हा लेख.

नावात कॅसल असलं तरी हा लढायचा किल्ला नव्हे. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या धनिकांना आपल्या जमिनीवर शोभेच्या वास्तू उभारायची हौस होती. कुणी मुद्दाम पडकं देऊळ बांधायचं, कुणी खोटी गढी, कुणी टेकडीवर मनोरा. अशा वास्तूंना तिथे फॉली म्हणतात. राहण्यासाठी नाही आणि लढण्यासाठीही नाही, नजरेत भरण्यासाठी बांधलेली वास्तू. सेव्हर्नड्रूग त्याच कुळातला, पण त्यामागे नुसती हौस नव्हती. तो एका विधवेने नवऱ्याच्या स्मरणार्थ बांधवून घेतला. त्या काळी हा भाग लंडनमध्ये धरला जात नसे. तो केंट परगण्यातला ग्रामीण मुलूख होता, आणि डोव्हरकडे जाणारा जुना रस्ता याच टेकडीवरून जात असे.

निघण्यापूर्वी: १७५५ ची गोष्ट नीट माहीत करून घ्या

ही पायरी कृपा करून गाळू नका. गोष्ट माहीत नसेल तर मनोऱ्यावरून नुसतं शहर दिसेल. ते छानच दिसतं, पण तेवढ्यासाठी लंडनमध्ये इतर उंच जागा पुष्कळ आहेत.

विल्यम जेम्स हा वेल्समधल्या पेम्ब्रोकशरचा. साध्या घरातला पोरगा समुद्रावर गेला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारात शिरून त्याचा प्रमुख झाला. त्या वेळी कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांचा दरारा होता. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. मुलांमध्ये वाटण्या झाल्या, भांडणं झाली, आणि १७४३ च्या सुमारास दक्षिणेकडचा कारभार तुळाजी आंग्र्यांच्या हाती आला. विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग ही त्यांची मुख्य ठाणी. इंग्रज, डच, पोर्तुगीज, सगळ्यांची जहाजं तुळाजींनी धरली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना सरसकट चाचे म्हटलं आहे. आपल्या बाजूने पाहिलं तर ते किनाऱ्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते आणि त्यांच्या पाण्यातून जाणाऱ्याने त्यांचा परवाना घ्यावा अशी त्यांची मागणी होती.

आता दुखरी बाजू. तुळाजी पेशव्यांनाही जुमानत नव्हते. नानासाहेब पेशव्यांशी त्यांचं हाडवैर झालं होतं. शेवटी मार्च १७५५ मध्ये पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात करार झाला: तुळाजींच्या विरुद्ध दोघांनी मिळून मोहीम करायची. मराठ्यांकडून सूत्रं होती कोकणचे सुभेदार रामाजी महादेव यांच्याकडे. इंग्रजांकडून जेम्स निघाला. त्याचं मुख्य जहाज प्रोटेक्टर, सोबत काही लहान जहाजं. त्याने पाण्याची खोली मोजून घेतली, जहाज किल्ल्याच्या अगदी जवळ नेलं आणि भडिमार सुरू केला. किल्ल्यातल्या दारूकोठाराला आग लागली, मोठा स्फोट झाला आणि किल्ला पडला. करारानुसार सुवर्णदुर्ग पेशव्यांकडे गेला आणि इंग्रजांना बाणकोट मिळालं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तिथे आंग्र्यांचं आरमार जळालं. तुळाजी मराठ्यांच्या हाती लागले आणि कैदेतच वारले.

म्हणजे ज्या विजयाचं हे स्मारक आहे, त्या विजयात मराठ्यांचा वाटा होता. मनोऱ्यावर हे कुठेही लिहिलेलं नाही. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना दाद न देणारं एक बलाढ्य आरमार आपल्याच घरातल्या वैरामुळे गेलं, आणि त्याची आठवण लंडनच्या टेकडीवर दगडात कोरून ठेवली गेली. मला ही जागा महत्त्वाची वाटते ती एवढ्यासाठी. तिथे रागाने जाऊ नये आणि नुसतं फोटो काढण्यापुरतंही जाऊ नये. दोन्ही बाजू माहीत करून घेऊन जावं.

जेम्स १७५९ साली इंग्लंडला परतला. शूटर्स हिलच्या पायथ्याशी एल्टमला त्याने घर घेतलं. पुढे तो कंपनीचा संचालक झाला, अध्यक्ष झाला, पार्लमेंटातही गेला आणि १७७८ साली बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या ‘सर’ किताबाचा मानकरी झाला. डिसेंबर १७८३ मध्ये तो वारला. त्याच्या पत्नीने, लेडी अ‍ॅन जेम्स यांनी, रिचर्ड जप या वास्तुविशारदाकडून हा मनोरा बांधून घेतला.

दिवस कोणता निवडायचा

मनोरा रोज उघडा नसतो. त्याचं काम एक विश्वस्त मंडळ आणि स्वयंसेवक बघतात. लोकांसाठी तो आठवड्यातल्या मोजक्याच दिवशी उघडतात आणि त्यात रविवार सहसा असतो. आतली जागा लग्न आणि खासगी समारंभांसाठीही दिली जाते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा आणि तिकिटाचे दर बघा. तिकीट लंडनच्या मानाने किरकोळ आहे. बंद असतानाही मनोऱ्याच्या भोवती फिरता येतं, कारण भोवतालचं रान सगळ्यांसाठी खुलं आहे. पण वर चढल्याशिवाय परत येणं म्हणजे निम्मीच भेट.

हवेचा विचार तिकिटाइतकाच महत्त्वाचा. लंडनचा उन्हाळा चांगला, पण उकाड्याच्या दिवसांत क्षितिजावर धुरकट पडदा येतो. पाऊस पडून गेल्यावरचा दिवस निवडा. वारा सुटलेला आणि आकाश धुतलेलं असेल तर दूरवरचं स्वच्छ दिसतं. मला स्वतःला ऑक्टोबरची अखेर आवडते. पानं पिवळी-तांबडी झालेली असतात आणि गर्दी नसते. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो, तेव्हा दुपार टळायच्या आत वर पोचा. आणि रानातल्या वाटा पावसानंतर चिखलाच्या होतात. पांढरे बूट घालून गेलात तर ते घरी येऊन धुवावे लागतील.

पोचायचं कसं

दोन रस्ते आहेत. वेळ कमी असेल तर बस, दिवस हाताशी असेल तर पायी.

बसने: वूलिचला एलिझाबेथ लाइनने, डीएलआर या हलक्या रेल्वेने किंवा साध्या रेल्वेने यायचं. तिथून शूटर्स हिलकडे जाणारी २४४ नंबरची बस. नॉर्थ ग्रिनिचच्या ट्यूब स्टेशनवरून येणार असाल तर ४८६, लुइशॅमकडून येणार असाल तर ८९. तिन्ही टेकडीवर जातात. मार्ग अधूनमधून बदलतात, म्हणून निघताना मोबाइलवर खात्री करून घ्या. मेमोरियल हॉस्पिटलच्या थांब्यावर उतरलात की मनोऱ्याकडे जाणारी वाट जवळच रानात शिरते. तिथून चढ फारसा नाही, कारण बसनेच तुम्हाला टेकडीवर आणून सोडलेलं असतं.

नवख्या माणसाची इथे एक फसगत होते. शूटर्स हिलच्या माथ्यावर विटांची एक उंच, अष्टकोनी पाण्याची टाकी आहे. ती लांबून दिसते, मनोऱ्यासारखी दिसते, आणि लोक तिच्याकडे चालू लागतात. सेव्हर्नड्रूग झाडांत दडलेला आहे आणि जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. टाकी दिसली तर समजा की तुम्ही रस्त्यावरच आहात, रानात वळायचं बाकी आहे.

पायी: फाल्कनवुड स्टेशनवर उतरा. मध्य लंडनहून बेक्सलीहीथ मार्गाच्या गाड्या तिथे येतात. स्टेशनपासून कॅपिटल रिंग या पायवाटेच्या खुणा सुरू होतात. ही वाट लंडनला वळसा घालते आणि तिचा पहिला टप्पा नेमका इथूनच जातो. रस्ता ऑक्सलीज वुडमधून आहे. हे रान आठ हजार वर्षांपूर्वीपासूनचं मानतात. नव्वदच्या दशकात त्याच्यातून मोठा रस्ता काढायचं घाटत होतं. लोकांनी चिकाटीने विरोध केला आणि १९९३ साली ती योजना रद्द झाली. म्हणून आज तुम्हाला सावलीतून चालता येतं. रान संपलं की मोकळं कुरण लागतं, तिथे कॅफे आहे. दमलेल्या मुलांना थांबवायला आणि पोटात काही टाकायला जागा चांगली. पुढे जॅक वुडमधल्या जुन्या बागेचा भाग ओलांडून मनोरा गाठता. लहान मुलं बरोबर असतील तर सगळं मिळून तासभर धरा.

गाडीने जाऊ नका असं मी सुचवेन. मनोऱ्यापाशी गाडी लावायची सोय नाही, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत रहिवाशांची अडचण होते.

दारासमोर थांबा, आधी दगड वाचा

लोक येतात, तिकीट काढतात आणि सरळ जिन्याकडे जातात. तुम्ही तसं करू नका. आधी मनोऱ्याला एक प्रदक्षिणा घाला. तिकोनी वास्तू, प्रत्येक कोपऱ्याला एक षट्कोनी बुरूज, टोकदार कमानीच्या खिडक्या आणि वर किल्ल्यासारखी कंगोऱ्याची कड. उंची साधारण १९ मीटर. तीन बाजूंमुळे कुठल्याही बाजूच्या समोर उभं राहून पाहिलं की दोन बुरूज पुढे आणि तिसरा त्यांच्या मागे, असं दिसतं. त्यामुळे मनोरा आहे त्याहून अरुंद आणि उंच भासतो.

दाराच्या वर कोरलेली शिळा आहे. जुन्या वळणाची मोठी इंग्रजी अक्षरं, साल रोमन आकड्यांत. मजकूर असा: दिवंगत सर विल्यम जेम्स यांनी कंपनीच्या आरमाराचे प्रमुख असताना पूर्वेकडे गाजवलेल्या पराक्रमाचं हे स्मारक. विशेषतः मलबार किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रूगचा किल्ला त्यांच्या शौर्यापुढे २ एप्रिल १७५५ रोजी पडला, त्याची ही नोंद.

मलबार शब्दापाशी थांबा. सुवर्णदुर्ग मलबारात नाही, तो रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात आहे. त्या काळी इंग्रज सगळ्या पश्चिम किनाऱ्यालाच मलबार म्हणत. शिळेवर तुळाजींचं नाव नाही, पेशव्यांचं नाही, रामाजी महादेवांचंही नाही. बरोबर मुलं असतील तर ही गोष्ट त्यांना इथेच सांगा. दगडावर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, हे दोन्ही दाखवा. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकापेक्षा हे त्यांच्या जास्त लक्षात राहील, असा माझा विश्वास आहे.

आत आणि वर

आत लहान लहान खोल्या एकावर एक आहेत. मनोरा नवा होता तेव्हा तळाच्या दालनात जेम्सने आणलेल्या ढाली आणि हत्यारं भिंतींवर मांडलेली होती, असं जुन्या वर्णनांत येतं. आज ती तिथे नाहीत, तेव्हा आंग्र्यांच्या वस्तू बघायला मिळतील अशी आशा धरून जाऊ नका.

८६ पायऱ्या चढल्या की गच्ची. जिना गोल आणि अरुंद आहे. वरून कुणी येत असेल तर थांबून वाट द्यावी लागते. पाठीवरची मोठी पिशवी खाली ठेवता आली तर उत्तम. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी घाई करू नये, मधल्या खोल्यांत टेकायला जागा असते. आई-बाबांना घेऊन गेलात आणि त्यांना चढणं जमणार नसेल, तर खाली चहाची सोय असते का हे आधी विचारून ठेवा, म्हणजे ते आरामात बसतील.

गच्चीवर आलात की प्रथम वायव्येकडे तोंड करा. झाडांच्या शेंड्यांपलीकडे कॅनरी व्हार्फचे मनोरे एकदम जवळ वाटतात. त्यांच्या डावीकडे, जरा लांब, जुन्या शहराच्या इमारती आणि शार्डचं टोक. सेंट पॉल्सचा घुमट शोधायला वेळ लागतो, तो आता उंच काचेच्या इमारतींत हरवला आहे. टेकडीची उंची १३२ मीटर, त्यावर हा मनोरा. त्यामुळे तुम्ही सेंट पॉल्सच्या शिखरावरच्या क्रॉसपेक्षाही वर उभे असता. नैर्ऋत्येला क्रिस्टल पॅलेसचा प्रक्षेपण मनोरा. पूर्वेकडे टेम्स रुंद होत जाते आणि पलीकडे एसेक्सचा सखल मुलूख पसरतो. दक्षिणेला केंट आणि सरेच्या टेकड्यांची निळसर रांग. हवा स्वच्छ असली तर सात परगणे दिसतात असं म्हणतात. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तरी काही बिघडत नाही.

या गच्चीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १७८०च्या दशकात ग्रिनिच आणि पॅरिस इथल्या वेधशाळांमधलं अंतर आणि दिशा पक्की करायचं काम निघालं. इंग्लंडच्या बाजूने जनरल विल्यम रॉय मोजणी करत होता. त्याच्याकडे जेसी रॅम्सडेनने घडवलेलं, तीन फूट व्यासाच्या वर्तुळाचं अवजड थिओडोलाइट होतं. ते उंच ठिकाणी चढवायचं आणि दूरच्या खुणांचे कोन मोजत त्रिकोणांची साखळी बांधायची. त्या साखळीतला एक बिंदू हा मनोरा होता. त्याच कामातून पुढे १७९१ साली इंग्लंडची नकाशे करणारी सरकारी यंत्रणा उभी राहिली. १८४८ साली लंडनच्या मोजणीसाठीही सैन्याच्या अभियंत्यांनी याच गच्चीचा उपयोग केला. शोभेसाठी बांधलेल्या वास्तूने एवढं खरं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

मनोरा वाचला कसा

१९२२ साली लंडन काउंटी कौन्सिलने मनोरा विकत घेतला. नंतर पुष्कळ वर्षं तिथे लोक सहलीला येत, खाली चहा मिळे. महायुद्धात हवाई हल्ल्यांवर नजर ठेवायला त्याचा उपयोग झाला. १९८६ साली तो बंद झाला, खिडक्या-दारं लाकडी फळ्यांनी ठोकून टाकली आणि विटांवर गवत वाढू लागलं. मग परिसरातल्या लोकांनी न्यास स्थापन केला, वर्षानुवर्षं पैसे उभे केले, आणि दुरुस्ती होऊन २०१४ साली मनोरा पुन्हा उघडला. आज तुमचं तिकीट फाडणारा माणूस बहुधा त्यांच्यातलाच स्वयंसेवक असतो. त्याच्याशी बोला. तुम्ही महाराष्ट्रातले आहात, सुवर्णदुर्ग तुमच्याकडचा, असं सांगा. तुळाजींबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते शांतपणे सांगितलंत, तर ऐकणाऱ्याला त्याचं अप्रूप वाटेल.

पुढे काय बघायचं

त्याच दिवशी वेळ उरला तर ग्रिनिचला उतरा. तिथल्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या संग्रहात रेनॉल्ड्सने काढलेलं विल्यम जेम्सचं चित्र आहे. ते दालनात लावलेलं असेलच असं नाही, आधी चौकशी करा.

असे मनोरे बघायची गोडी लागली तर सरे परगण्यातला लीथ हिलचा मनोरा बघा. १७६५ साली रिचर्ड हल याने तो बांधला, आणि त्याला पुरलंही तिथेच. कॉट्सवोल्डमधला ब्रॉडवे टॉवर त्याहून देखणा, पण तिथे जायला जवळजवळ अख्खा दिवस काढावा लागतो.

आणि पुढच्या सुट्टीत गावी गेलात की हर्णैला जा. सुवर्णदुर्ग आता जागतिक वारसा यादीत आहे. २०२५ साली मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने स्थान दिलं, त्यांत तो एक. आधी किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर दीपगृहापाशी उभे राहा. तिथून किल्ला आणि किनारा यांच्यामधलं पाणी नीट दिसतं, आणि जेम्सने खोली मोजून घेतल्याशिवाय पुढे पाऊल का टाकलं नाही ते कळतं. मग होडी ठरवा. पावसाळ्यात होड्या जात नाहीत, नोव्हेंबर ते मे बरा. भाडं आणि परतीची वेळ बंदरावरच पक्की करा, भरती-ओहोटी विचारून घ्या, आणि पाय भिजतील अशी तयारी ठेवा. किल्ल्यावर प्यायचं पाणी नेलेलं बरं. महादरवाज्याशी पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावरचा मारुती बघायला विसरू नका. आत दारूकोठाराचे अवशेष आहेत, तेही शोधा.